चमचे मिळतात, काटे मिळत नाहीत

इंग्लंडात जुन्या चांदीचा चमचा मिळवायला फार अक्कल लागत नाही. शनिवारी पोर्टोबेलो रोडला चक्कर मारा, नाहीतर एखाद्या लहान गावातल्या अँटिक सेंटरमध्ये डोकवा. दोनशे वर्षांपूर्वीचा टेबलस्पून मोडीच्या भावावर थोडे पैसे घालून हातात पडतो. काटा मात्र सहजी मिळत नाही. मिळाला तर महाग असतो, महाग असून दाते झिजलेले असतात, आणि दाते झिजलेले नसतील तर हा मुळात काटाच होता का, इथपासून चौकशी करावी लागते.

मला बारा माणसांच्या पंगतीला पुरेल एवढी जॉर्जियन काळातली, म्हणजे जॉर्ज नावाच्या राजांच्या वेळची, चांदीची कटलरी हवी होती. आम्ही हॅरोला राहतो, घरात रोज हातानंच जेवतो. पण सणावाराला इथली मंडळीही जेवायला येतात, आणि आईनं दिलेल्या चांदीच्या ताटांशेजारी सुपरमार्केटचे स्टीलचे चमचे मांडताना दरवेळी मला कसंतरीच व्हायचं. एकाच कारागिराचा, एकाच वर्षाचा आख्खा संच असतो त्याला इथले व्यापारी ‘स्ट्रेट सेट’ म्हणतात. त्याची किंमत ऐकून आम्ही दुकानातून सभ्यपणे बाहेर पडलो. दुसरा मार्ग ‘हार्लेक्विन सेट’चा. म्हणजे वर्षं वेगळी, कारखाने वेगळे, पण घाट एकच, असे सुटे नग जमवत जायचे. हौसेला मोल नाही म्हणतात. या हौसेला मोल तर आहेच, पण ते हप्त्याहप्त्यानं देता येतं.

घाट निवडला तो ओल्ड इंग्लिश. १७६० च्या आसपास हा चालीत आला. सरळ दांडा, टोकाकडे हळूहळू रुंद होत गेलेला, टोक गोल आणि किंचित मागं झुकलेलं. नक्षी नाही, शिंपले नाहीत, कडेला रेघ नाही. त्याआधीच्या हॅनोव्हेरियन घाटात टोक पुढच्या बाजूला वळलेलं असतं आणि नंतरच्या फिडल घाटाला खांदे असतात, सारंगीसारखे. किंग्ज पॅटर्न तर इतका नटलेला असतो की हात धुताना कानाकोपऱ्यात साबण अडकावा. साध्या घाटाचा मोठा फायदा असा की त्यात लबाडी लपत नाही. दुरुस्ती झाली असेल, नाव खोडलं असेल, दांडा वाकून सरळ केला असेल, तर सपाट चांदीवर ते दिसतंच.

पहिले काही महिने मी काहीच विकत घेतलं नाही, नुसतं बघत फिरले. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमची चांदीची दालनं फुकट बघता येतात. तिथं १६३२ सालचा एक काटा आहे, दोन दात्यांचा. इंग्लंडात घडलेल्या, लंडनचा शिक्का असलेल्या काट्यांमधला हा सर्वांत जुना समजला जातो. १६३२ म्हणजे शहाजीराजांच्या धामधुमीचा काळ, आणि तेव्हा इथले बहुतेक लोक हातानंच जेवत होते! थॉमस कोरिएट नावाचा प्रवासी १६०८ साली इटलीत काटा बघून आला आणि आल्यावर स्वतः वापरू लागला, तर मित्रांनी त्याची चेष्टा केली. आमच्या घरी कुणी पाहुणा हातानं जेवणाऱ्यांकडे जरा वरच्या नजरेनं बघायला लागला की मी हा विषय काढते.

म्युझियममध्ये काचेतून बघण्याचा उपयोग एका मर्यादेपर्यंतच. चांदी हातात घ्यावी लागते. त्यासाठी चान्सरी लेनचे सिल्व्हर व्हॉल्ट्स. जिने उतरून जमिनीखाली जायचं, जाड पोलादी दारं ओलांडायची आणि मग दोन्ही बाजूंना खोल्याच खोल्या, प्रत्येकीत छतापर्यंत चांदी. मूळची ही श्रीमंतांची भांडीकुंडी, दागिने ठेवायची तिजोरीघरं. दुसऱ्या महायुद्धात वरच्या इमारतीवर बॉम्ब पडला, तळघर शाबूत राहिलं. १९५३ पासून तिथं व्यापारी बसतात. आम्हा गिऱ्हाइकांकडे बघूनच ओळखतात की ही बाई आज काही घेणार नाही. तरी एका म्हाताऱ्या दुकानदारीणबाईंनी मला बसवून घेतलं, हातात दहापट मोठं दाखवणारं भिंग दिलं आणि म्हणाल्या, “पुढून बघू नका. पुढचं सगळ्यांना आवडतं. उलटा करा.”

उलट्या चमच्यावर काय काय असतं ते एका नगावरून सांगते, कारण तो माझा सगळ्यांत लाडका आहे. काटाच आहे, पण सध्या शिक्के बघू. दांड्याच्या मागच्या बाजूला, टोकापासून थोडं खाली, ओळीनं छोटे ठसे. एकात चालणारा सिंह, पुढचा पंजा उचललेला, तोंड आपल्याकडे वळवलेलं. सिंह म्हणजे स्टर्लिंग, हजारात ९२५ भाग चांदी. १५४४ पासून तो उमटतो आहे. लंडनच्या सिंहानं १८२२ च्या सुमारास मान सरळ केली, त्यामुळे माझ्याकडे बघणारा सिंह दिसला की तो त्याआधीचा. शेजारी मुकुट घातलेलं बिबट्याचं डोकं, लंडनची खूण. त्याचाही मुकुट १८२१ नंतर गेला. मग एका चौकटीत कॅपिटल ‘सी’. लंडनला दरवर्षी अक्षर बदलायचं, वीस अक्षरांचं एक चक्र असायचं, ‘जे’ वगळून ‘यू’पर्यंत, आणि प्रत्येक चक्राला अक्षराचं वळण वेगळं. १७९६ ला कॅपिटल ‘ए’ सुरू झालं, म्हणून ‘सी’ म्हणजे १७९८. चौथा ठसा राजाच्या डोक्याचा, तिसरा जॉर्ज, उजवीकडे तोंड करून. हा कर भरल्याचा शिक्का. अमेरिकेतल्या युद्धानं तिजोरी रिकामी झाल्यावर १७८४ मध्ये चांदीवर औंसाला सहा पेन्स कर बसला, १७९७ मध्ये तो दुप्पट झाला. शिक्का १८९० पर्यंत चालला. आणि शेवटचा ठसा घडवणाऱ्यांचा: वर डब्ल्यू ई, खाली डब्ल्यू एफ. विल्यम इली आणि विल्यम फर्न. १७९७ साली या जोडीनं हा शिक्का नोंदवला, म्हणजे माझा काटा त्यांच्या भागीदारीच्या पहिल्या एक-दोन वर्षांतला. दोघंही चमचे-काट्यांतले पक्के लोक. चहाच्या किटल्या आणि मोठमोठ्या तबकांच्या नादाला ते फारसे लागले नाहीत.

या सगळ्याला बोटभर जागा लागते. पानभर माहिती बोटभर जागेत बसवणारे लोक मला आवडतात.

१७८० च्या आधीचे नग बघितलेत तर हेच ठसे दांड्याच्या तळाशी, वाटीजवळच्या सगळ्यांत अरुंद भागात मारलेले दिसतात. तिथं ठसा मारला की दांडा पसरायचा, मग सोनार तो पुन्हा ठोकून आवळायचा, आणि सिंह चेपून उंदरासारखा व्हायचा. नंतर शिक्के वरच्या रुंद भागात गेले. म्हणून नुसत्या जागेवरून काळाचा अंदाज येतो. ठसे तळाशी असले पण अक्षर १८१० चं निघालं तर नग ठेवून द्यायचा आणि दुकानदाराकडे जरा निरखून बघायचं.

वजन हा दुसरा धडा. इथं चांदी ट्रॉय औंसावर चालते, औंस ३१.१ ग्रॅमचा. माझ्या नवऱ्याचे वडील सराफाच्या पेढीवर हिशेब लिहायचे, त्यामुळे मी काहीही घेऊन आले की याचा पहिला प्रश्न, “किती तोळे?” गंमत म्हणजे ते गणित सरळ बसतं. १८३३ मध्ये कंपनी सरकारनं तोळा १८० ग्रेनचा ठरवला, ट्रॉय औंस ४८० ग्रेनचा, म्हणजे एक औंस म्हणजे पावणेतीन तोळ्यांना किंचित कमी. चांगला टेबलस्पून दोन औंसांच्या आसपास भरतो. पाच तोळे आणि वर थोडं. पूर्वी मोठ्या भांड्यांच्या बुडाखाली घडवतानाचं वजन सुईनं कोरून ठेवत, आणि आज तोलल्यावर त्यात जी घट दिसते ती दोनशे वर्षांच्या घासण्यापुसण्याची. चमच्यांवर असं वजन सहसा नसतं. तिथं अंगठा वापरायचा. दांड्याच्या टोकाला, जिथं घराण्याचं चिन्ह कोरलेलं असतं, तिथं अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून दाबायचं. पुढच्या मालकानं आधीच्याचं चिन्ह खरवडून काढलं असेल तर ती जागा पातळ लागते आणि किंचित लवते. नाहीतर हलकीशी वाफ सोडायची तोंडानं. डाख लावलेली जागा, बुजवलेलं नाव, वाफेत लगेच वेगळं उमटतं.

चमचे भराभर जमले. टेबलस्पून बारा झाले, डेझर्टस्पूनही झाले. चमचा बघताना मी वाटीचं टोक बघते. उजव्या हातानं जेवणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या बशीच्या तळाशी खरवडत आले की टोक एका बाजूनं झिजतं आणि वाटी तिरकी दिसायला लागते. थोडी झीज असलेली मला चालते, किंबहुना आवडते. काहीजण अशा वाट्या कापून पुन्हा गोल करून विकतात, ते मात्र मला अजिबात खपत नाही. त्याहून मोठा गुन्हा म्हणजे बेरी स्पून. व्हिक्टोरियन काळात जुने साधे जॉर्जियन टेबलस्पून घेऊन त्यांच्या वाटीत ठोकून फळं-पानं उठवायची, वर सोन्याचं पाणी द्यायचं आणि फळांसाठीचे चमचे म्हणून जोडीनं विकायचे, अशी टूम निघाली होती. अजून ते चांगल्या किमतीला जातात. एखादा धड माणूस बळेच नवरदेव म्हणून सजवलेला बघावा तसं मला त्यांच्याकडे बघून होतं.

हेस्टर बेटमनचे चमचेही मी सोडून देते, अर्थात कारण वेगळं आहे. नवरा गेल्यावर १७६१ साली या बाईनं स्वतःच्या नावानं शिक्का नोंदवला, बनहिल रोवरचा कारखाना चालवला आणि १७९० मध्ये मुलांच्या हाती सोपवला. मोठी बाई, वाद नाही. पण तिच्या कारखान्यातला साधा चमचा शेजारच्या गल्लीतल्या कुणाच्याही चमच्याइतकाच साधा आहे, आणि त्या वळणदार एच. बी. साठी मोजावे लागणारे जादा पैसे मी काट्यांसाठी राखून ठेवले.

इथंच तर घोडं पेंड खातं. काटे गेले कुठं?

एक तर ते मुळात जास्त झिजतात. चमच्याची वाटी रुंद असते, झीज पसरते. काट्याचं सगळं काम चार बारीक टोकांवर. मांस टोचायचं, बशीवर दाबून धरायचं, दुसऱ्या हातातली सुरी त्याच्यावर घासायची. टोकं बोथट झाली, एक दाता आखूड झाला की मालक सोनाराकडून बाकीचे कापून सारखे करून घ्यायचा. दोन-तीनदा असं झालं की काटा निकामी. दुसरं, फॅशन. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत टेबलावरचे काटे तीन दात्यांचे होते. शतक संपेपर्यंत चार दात्यांचे झाले. मग जुने कोण ठेवणार? आपल्याकडे आजीच्या पाटल्या मोडून सुनेच्या बांगड्या होतात त्याच हिशेबानं जुने काटे मोडीत घालून नवे घडवले गेले. चमच्यावर ही वेळ आली नाही. उलट पडलेला असो की सुलट, चमचा तो चमचाच. आणि तिसरं म्हणजे १९८०. अमेरिकेतल्या हंट बंधूंनी चांदीचा साठा करून भाव इतका चढवला की त्या जानेवारीत औंसाला पन्नास डॉलरच्या घरात गेला. तेव्हा इंग्लंडातल्या घराघरातून चांदी बाहेर निघाली आणि थेट भट्टीत गेली. ज्यांचे दाते आखूड होते त्या काट्यांची बाजू घ्यायला कोण येणार होतं?

सासूबाई इथं आल्या होत्या तेव्हा मी त्यांना एक चमचा आणि एक काटा दाखवला, दोन्हींच्या किमती सांगितल्या. त्यांनी दोन्ही तळहातावर तोलले.

“अगं, चमचा जड आहे आणि काटा महाग?”

“हो ना, आई.”

“म्हणजे चमच्याची घडणावळ फुकट आणि काट्याची दामदुप्पट.” आणि चमचा माझ्या हातात देत, “चमचेच घे मग. काट्यानं वरण-भात थोडाच खाता येतो?”

व्यवहाराच्या दृष्टीनं याच्यावर बोलायला जागाच नाही. पण मला काटे हवे होते.

काटा महाग म्हटल्यावर लबाडीही काट्यातच आली. चमचा स्वस्त, शिक्के अस्सल. मग त्याची वाटी ठोकून सपाट करायची, कानशीनं दाते पाडायचे आणि काटा म्हणून चौपट किमतीला विकायचा. हा धंदा जुना आहे. असा एक नग मला एका बाजारात दिसला. पहाटेचा बाजार, टॉर्च घेऊन हिंडायचं. हे बाजार पूर्वी याहून रंगीत होते. उघड्या बाजारात दिवसाउजेडी चांगल्या मनानं घेतलेली वस्तू चोरीची निघाली तरी घेणाऱ्याचीच, असा इथं जुना कायदा होता, आणि बर्मंडसीच्या शुक्रवारच्या बाजाराची त्यावरून ख्याती होती. १९९५ मध्ये तो कायदा गेला. तर त्या अंधारात माझ्या हातात काटा आला. शिक्के सुरेख, १८०४ चं अक्षर, दाते लांबसडक. पण हातात घेतल्यावर तो पुढच्या बाजूला हलका लागला. खऱ्या काट्याला मानेपाशी, जिथून दाते फुटतात तिथं, चांगला जाडपणा असतो; सोनारानं सुरुवातीपासून तिथं धातू राखून ठेवलेला असतो. चमच्याच्या वाटीत तेवढा धातू नसतोच. त्यामुळे वाटीतून कापलेले दाते पातळ होतात, दाबलं तर पत्र्यासारखे लवतात. हे तसेच लवत होते. शिवाय पाठीवर, दांडा आणि वाटी जिथं मिळतात तिथं चमच्याला जो थेंबासारखा उंचवटा असतो, त्याची पुसट कड टॉर्च आडवी धरल्यावर दिसत होती. मी तो अलगद परत ठेवला. विकणारा म्हणाला, “दाते बघा, बाई, एकदम नव्यासारखे!” होतेच ते नवे.

अशा वस्तूला इथं कायदा आहे. १९७३ च्या हॉलमार्किंग अ‍ॅक्टप्रमाणे शिक्का मारलेल्या वस्तूत असा फेरफार परस्पर करता येत नाही आणि तशी वस्तू विकणं हाही गुन्हा. लंडनच्या सोनारांच्या संस्थेच्या गोल्डस्मिथ्स हॉलमध्ये जुन्या चांदीची छाननी करणारी समितीच आहे. संशयित नग तिथं तपासला जातो, आणि कायद्यात न बसणारा निघाला तर जसाच्या तसा बाजारात परत येत नाही. १३२७ साली सनद मिळालेली ही संस्था, १४७८ पासून तिच्याच हॉलमध्ये चांदीचा कस लावून शिक्के मारले जातात. आपल्याकडे अलीकडे हॉलमार्कची सक्ती आली तेव्हा आमच्या पेठेतल्या सराफांनी केवढा ओरडा केला होता, ते आठवून मला हसू येतं.

बाजारातून मन उडाल्यावर मी लिलावांकडे वळले. गावोगावच्या लिलावगृहांत महिन्या-दोन महिन्यांनी चांदीचा दिवस असतो. कॅटलॉगमध्ये एक ओळ असते: जॉर्ज तिसरा, ओल्ड इंग्लिश, सहा काटे, निरनिराळी वर्षं, इतके औंस. फोटो दुरून काढलेला. बोली जिंकली की त्यावर पंचवीस-तीस टक्के कमिशन, कमिशनवर व्हॅट, वर टपालखर्च; एकच काटा घेतलात तर नाकापेक्षा मोती जड. म्हणून सहाचे लॉट बघायचे, आणि आदल्या दिवशी स्वतः जाऊन बघायचे. मध्य इंग्लंडातल्या एका लिलावगृहानं ‘उत्तम स्थिती’ म्हणून मांडलेले सहाच्या सहा काटे मी हातात घेऊन पाहिले, सगळ्यांचे दाते कापून सारखे केलेले. विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, सगळे सारखे आहेत म्हणूनच उत्तम लिहिलंय.

दाते कापलेले ओळखायला मी एक साधी युक्ती केली आहे. माझ्याकडच्या त्या इली-फर्नच्या काट्याचे दाते जवळजवळ मूळ लांबीचे आहेत. तो पुठ्ठ्यावर ठेवून पेन्सिलीनं भोवती रेघ काढली, पुठ्ठा कापला आणि तो पर्समध्ये ठेवते. दुसरा काटा त्याच्यावर ठेवायचा, मान मानेला जुळवायची. लांबी किती गेली ते लगेच कळतं. सगळ्याच कारखान्यांचं माप एक नव्हतं, त्यामुळे पुठ्ठा काही शेवटचा शब्द नाही. म्हणून टोकंही बघायची. मूळचा दाता निमुळता होत जातो आणि शेवटी बारीक संपतो. कापलेला दाता जाड असतानाच अचानक थांबतो. दुकानदार या पुठ्ठ्याला हसतात, पण तो पर्समधून बाहेर आला की किमतीबद्दल बोलायची त्यांची तऱ्हा बदलते. सिल्व्हर व्हॉल्ट्समधल्या त्या बाईंनी तर आतून आणखी एक ट्रे काढला, जो आधी दाखवला नव्हता. माझे सगळ्यांत चांगले चार काटे त्या ट्रेमधले आहेत. स्वस्त अजिबात नव्हते. पण त्यांच्यावर यंत्राची पॉलिश बसलेली नाही, आणि ही गोष्ट मला दात्यांच्या लांबीइतकीच मोलाची वाटते. यंत्रावर धरलेली चांदी आरशासारखी चकचकीत दिसते, कोरलेल्या रेषांच्या कडा मात्र लोण्यासारख्या विरघळतात. दोनशे वर्षं हातानं पुसलेल्या चांदीवर बारीक ओरखड्यांचं एक जाळं तयार होतं आणि त्यातून मऊ, किंचित निळसर झाक येते. ती पॉलिशच्या डबीतून मिळत नाही.

सासूबाईंना हे पटवणं अवघड गेलं. त्यांच्या मते चांदीला दंतमंजन लावून खसाखसा घासलं की झालं. मी त्यांच्यापासून डबा लपवला होता. माझा नियम असा की जेवण झाल्याबरोबर कोमट पाणी, साधा साबण, लगेच मऊ सुती फडक्यानं पुसून कोरडे. अंडं आणि कांदा यांतल्या गंधकानं चांदी काळवंडते, मीठ तर तिला खड्डे पाडतं. म्हणून तर इथल्या जुन्या मिठाच्या वाट्यांना आतून सोन्याचं पाणी किंवा निळ्या काचेची वाटी असते. रबरबँड लावून चमच्यांचा जुडगा कधीच बांधायचा नाही, रबरातही गंधक असतं आणि त्याची काळी पट्टी निघता निघत नाही. डिशवॉशर वर्ज्य. बाकी वापरायची भीती नको. कपाटात पडलेल्या चांदीपेक्षा रोज वापरातली कमी काळी पडते. डेझर्टस्पूननं वरण-भात झकास खाता येतो, त्याची लांबट अंड्यासारखी वाटी आपल्या घासाच्या मापाची आहे.

सुऱ्यांवर मी फार वेळ घालवला नाही. जॉर्जियन सुऱ्यांच्या मुठी पातळ पत्र्याच्या दोन शिंपल्या जोडून केलेल्या, आत राळेचं मिश्रण. गरम पाण्यात घातलं की राळ सैल होते आणि पातं डुगडुगायला लागतं. पाती साध्या पोलादाची, गंजून आणि धार लावून लावून संपलेली. न गंजणारं पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्लीनं १९१३ मध्ये बनवलं. जुन्या मुठींना नवी पाती बसवून देणारे कारागीर शेफील्डमध्ये अजून आहेत. मी तशाच घेतल्या, बारा एकदम, आणि विषय मिटवला.

काट्यांचा विषय तसा मिटला नाही. चार दात्यांचे, ओल्ड इंग्लिश, लांबी शाबूत असलेले आठ जमले आणि गाडं अडलं. बारा पुरे करायला शेवटी चार काटे हॅनोव्हेरियन घेतले, तीन दात्यांचे. हे ओल्ड इंग्लिशच्या आधीचे, शिक्के मानेजवळ चेपलेले, एकाचं अक्षर तर भिंगातूनही पुरतं लागत नाही. घाट जुळत नाही म्हणून जाणकार नाकं मुरडतील, पण वजनानं ते माझ्या सगळ्या काट्यांत दमदार आहेत. त्यांच्यावर घराण्याचं चिन्ह मागच्या बाजूला कोरलेलं आहे, कारण त्या काळी काटे-चमचे टेबलावर पालथे मांडायची रीत होती, दाते खाली आणि चिन्ह वर. आमच्याकडे जेवण असतं तेव्हा मीही ते चार रीतसर पालथेच मांडते. ज्यांच्यासमोर ते येतात ती मंडळी बसल्याबरोबर काही न बोलता आधी ते सुलटे करतात, आणि माझा नवरा माझ्याकडे बघतो.